एका दिवसाची नर्मदा

इंदूरच्या मराठी घरांत ‘नर्मदेला जाऊन येणे’ या शब्दांना एके काळी अगदी ठरावीक अर्थ होता. पहाटेच्या गाडीने निघायचे, दुपार ओंकारेश्वरी नदीवर काढायची आणि रात्री परत आपल्याच अंथरुणावर येऊन पडायचे. यात्रा म्हणावी, तर तिला सोवळ्याओवळ्याचा फारसा पसारा नसे. सहल म्हणावी, तर पिशवीत ओटीचा नारळ असे. शाळा बंद झाल्या आणि विहिरींनी तळ दाखवला, की ही फेरी विशेष घडे. उन्हाळ्यात माणसे डोंगरावर थंड हवेला जातात. ही मंडळी उलट माळव्याचे पठार उतरून निमाडच्या भट्टीत जात, आणि जाऊन आल्यावर जीव थंड झाला असे सांगत.

माळवा आणि निमाड यांच्यामध्ये विंध्याची भिंत आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर, तर नर्मदेकाठचे बडवाह 200 मीटरांच्याही आत. ही भिंत उतरणारी लोखंडी वाट घातली गेली ती होळकरांच्या पैशाने. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी 1870 साली त्यासाठी इंग्रज सरकारला 1 कोटी रुपये कर्जाऊ दिले. मुदत 101 वर्षांची, व्याज दरसाल साडेचार टक्के. संस्थानिकाने सरकारचा सावकार व्हावे आणि मुदत आपल्या नातवंडांच्याही पलीकडची ठरवावी, हा व्यवहार मोठा मौजेचा. ती मुदत भरण्यापूर्वीच कर्ज देणारे संस्थान आणि घेणारे सरकार दोन्ही इतिहासजमा झाली! खांडवा ते सनावद हा तुकडा 1 डिसेंबर 1874 रोजी सुरू झाला, आणि नर्मदेवरचा पूल 5 ऑक्टोबर 1876 रोजी खुद्द तुकोजीरावांच्या हस्ते खुला झाला. विंध्याचा अवघड घाट त्यानंतर पार झाला.

या मार्गावरची मीटर गेजची गाडी पुढे जवळजवळ दीडशे वर्षे धावली. महू ते ओंकारेश्वर रोड हा तिचा अखेरचा तुकडा रुळांच्या रुंदीकरणासाठी 2023 सालच्या फेब्रुवारीपासून बंद झाला. घाटाचा भाग पाहता यावा म्हणून पाताळपाणी ते कालाकुंड अशी सहलीची एक गाडी 2018 साली सुरू करण्यात आली. परंतु ती घाट दाखवून माघारी फिरते, नदीपर्यंत जात नाही. नदीपर्यंत जाणाऱ्या गाडीची हकीकत त्यामुळे आता भूतकाळातच सांगावी लागते.

अशीच एका घरची हकीकत आहे, 1960 नंतरच्या दशकातली. घर इंदुरातले, दोन खोल्यांचे. कर्ता पुरुष कापडगिरणीच्या कचेरीत कारकून. त्याची आई साठीच्या पुढची, आणि धाकटा मुलगा नऊ वर्षांचा. हा मुलगा दोन वर्षांचा असताना विषमज्वराने जायचाच, तो वाचला. त्या एकवीस दिवसांत केव्हातरी आजीने नर्मदेला बोलून ठेवले होते, की पोर उठले तर त्याला घेऊन येईन, तुझ्या पाण्यात बुडी मारीन आणि तुझी ओटी भरीन. पोर उठले, पण नवस राहिला. एका वर्षी सुनेचे बाळंतपण निघाले, एका वर्षी गिरणीत संप झाला, एका वर्षी औषधपाण्याचेच देणे फिटेना. भाडे म्हणावे तर काही फार नव्हते. परंतु बांधलेल्या पगाराच्या घरात थोडे पैसेही कशाच्या तरी आड उभे असतात. सात वर्षे अशी गेली, आणि तेवढ्यात आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. उजेड आणि अंधार कळे, माणूस समोर आले तर सावलीसारखे कळे, त्यापलीकडे नाही.

मुलाला रजा मिळाली ती रविवारची, म्हणजे मिळाली नाहीच. एकच दिवस. सून लहान बाळाला घेऊन घरी राहिली. तिने आदल्या रात्री दशम्या केल्या, लिंबाचे लोणचे आणि गुळाचा खडा बांधून दिला, आणि पाण्याची कॅनव्हासची पिशवी भरून ठेवली. त्या प्रांतात तिला छागल म्हणतात. ती गाडीच्या खिडकीबाहेर टांगली, की वाऱ्याने पाणी असे गार होते, की पैसे टाकून घेतलेला बर्फ त्यापुढे फिका.

तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर खिडकीची जागा आजीला मिळाली. तिला बाहेरचे दिसणार नव्हते. म्हणून नातू तिच्यापुढे खिडकीच्या चौकटीला चिकटून उभा राहिला, आणि हळूहळू तो तिचे डोळेच होऊन बसला. “आता काय आलं रे?” असे ती विचारी आणि तो सांगे. महू आले. या लष्करी छावणीत 1891 साली बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, हे त्याने शाळेत ऐकले होते, तेही त्याने सांगून टाकले. पुढे पाताळपाणी. तिथला धबधबा पावसाळ्यात खोल दरीत कोसळतो. मे महिन्यात मात्र तिथे नुसता काळा कडा उभा असतो, आणि पाण्याची वाट तेवढी दगडावर पांढरी दिसते. “पाणी नाही, आजी,” मुलगा म्हणाला. “असू दे. पुढं आहे,” आजी म्हणाली.

पाताळपाणीला गाडी थबकते त्याचे लोक एक वेगळे कारण सांगत. इंग्रजांना आणि सावकारांना वर्षानुवर्षे हुलकावण्या देणारा तंट्या भिल्ल 4 डिसेंबर 1889 रोजी जबलपूरला फासावर गेला. त्याचा देह येथल्या रुळांजवळ आणून टाकला, अशी समजूत आहे. तेव्हापासून चालक तंट्यामामाला नमस्कार केल्याखेरीज गाडी घाटात घालत नाही, असे म्हणत. रेल्वेचे म्हणणे साधे होते. पुढे उतार अवघड, तेव्हा ब्रेक तपासण्यासाठी गाडी थांबलीच पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असायला हरकत नाही.

येथून कालाकुंडपर्यंत सुमारे साडेनऊ किलोमीटर हा घाट आहे. चाळीस फूट पुढे जावे, तेव्हा एक फूट खाली यावे, अशी त्याची उतरण. आगगाडीच्या हिशेबाने ही फारच तीव्र. बोगदे येत. बोगद्यात शिरताच डब्यातली मुले ओरडत आणि कोळशाचा धूर खिडकीतून आत येई. आजीला मात्र बोगदा सांगावा लागला नाही. तिच्या डोळ्यांपुढचा उजेड गेला आणि परत आला, एवढ्याने तिने ओळखले. “चार झाले ना?” तिने विचारले. मुलाची मोजणी तीनवर अडली होती.

कालाकुंड हे दरीतले एवढेसे स्टेशन. आसपास गाव म्हणावे असे थोडेच. तरीही साऱ्या माळव्यात त्याचे नाव. कारण पळसाच्या पानावर मिळणारा तिथला कलाकंद. घाट चढणाऱ्या गाडीला मागून रेटा द्यायला दुसरे इंजिन लागे. ते जोडीपर्यंत गाडी तिथे थांबे आणि तेवढ्या वेळात आसपासच्या गवळ्यांचे दूध गोड होऊन विकले जाई. मुलाने बापाकडे पाहिले. “येताना,” बाप म्हणाला. त्याने सकाळपासून खिडकीबाहेर नजर टाकली नव्हती. तो मनातल्या मनात परतीची वेळ आणि खिशातली मोड यांचा मेळ घालीत होता.

चोरल गेले, बलवाडा गेले, आणि डब्यातला वारा एकाएकी बदलला. निमाड सुरू झाले. येथला उन्हाळा 42, 44 अंशांच्या खाली क्वचितच राहतो. मराठी माणसाची या उन्हाशी ओळख जुनी आहे आणि ती सुखाची नाही. याच निमाडात, सनावदच्या पश्चिमेला नर्मदेच्या काठी रावेरखेडी येथे, 28 एप्रिल 1740 रोजी पहिल्या बाजीरावाचा अंत झाला. वय अवघे 39. ज्याने हिंदुस्थानभर घोडा फेकला तो पेशवा वैशाखाच्या तोंडाशी तापाने या काठावर आडवा झाला. त्याची समाधी तिथेच नदीकडे तोंड करून आहे. एका दिवसाच्या प्रवाशाला ती कधी घडत नाही. तिची वाट वेगळी.

बडवाह सोडले, आणि काही वेळाने गाडीचा आवाज फिरला. जमिनीवर चाके खडखडतात. पुलावर ती घुमतात. खाली पोकळी असल्याचे त्या घुमण्यातच कळते. आजी बाकावरून उठून उभी राहिली. “आली,” ती म्हणाली. डब्यातल्या साऱ्यांनी ‘नर्मदे हर’ म्हटले. खिडक्यांतून तांब्याची नाणी खाली पडू लागली. आजीनेही पदराच्या गाठीतला पैसा काढून, नातवाचा हात धरून, त्याच्याच हाताने टाकविला. “सांग,” ती म्हणाली. पण मुलाला काही सांगता येईना. एवढे पाणी त्याने आजवर एके ठिकाणी पाहिलेच नव्हते. वाळूवर टरबुजांच्या वाड्या हिरव्या दिसत होत्या, होड्या होत्या, आणि मध्ये निळे, स्वच्छ, उन्हाळ्यातही न आटलेले पाणी. “खूप आहे,” एवढेच तो म्हणाला. तेवढ्यात पूल संपला.

पलीकडच्या काठावर मोरटक्का. तिथल्या स्टेशनाचे नाव ओंकारेश्वर रोड. आणि रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ याचा अर्थ गाव येथे नाही. गाव तिथून सुमारे 12 किलोमीटर नदीच्या वरच्या अंगाला. मोटार खचाखच भरून गेली. हे तिघे टपावरच्या बोचक्यांखाली कसेबसे मावले आणि ममलेश्वराच्या बाजूला उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आले होते.

ओंकारेश्वराची रचना पाहिल्याखेरीज ध्यानात येत नाही. नर्मदेच्या पात्रात मांधाता नावाचे डोंगराळ बेट आहे. त्याच्या एका अंगाने नर्मदा वाहते, दुसऱ्या अंगाने जो प्रवाह आहे त्याला येथे कावेरी म्हणतात. बेटाचा आकार ॐकारासारखा आहे, अशी श्रद्धा. ज्योतिर्लिंगाचे देऊळ बेटावर, आणि दक्षिणतीरावर ममलेश्वर. ममलेश्वराच्या ठायी मातीची लहान लहान लिंगे घडवून पूजण्याची जी प्रथा आहे, ती अहिल्याबाई होळकरांच्या काळापासून चालत आली आहे. शंकराचार्यांना त्यांचे गुरू गोविंद भगवत्पाद याच बेटावरच्या गुहेत भेटले, असे परंपरा सांगते. आज त्या डोंगरावर शंकराचार्यांचा 108 फुटी पुतळा उभा आहे. तो सप्टेंबर 2023 मध्ये अनावृत झाला. बेटावर जायला आता पूलही आहेत. त्या काळी होडीखेरीज मार्ग नव्हता.

नदीही तेव्हा तिच्या मनाने वाहत होती. गावाच्या वरच्या अंगाला ओंकारेश्वर धरण आता उभे आहे, त्याच्याही वर पुनासाजवळ इंदिरा सागर आहे, आणि घाटावरचे पाणी धरणांच्या दारांप्रमाणे चढते-उतरते. 7 एप्रिल 2005 रोजी वर धाराजी येथे अमावास्येच्या मेळ्याला जमलेले लोक रात्री अकस्मात वाढलेल्या पाण्यात सापडले. 50 हून अधिक माणसे गेली. ज्या नदीच्या चढ-उताराचा अंदाज केवटांना पिढ्यान्‌पिढ्या होता, तिच्या काठावर आता भोंगा ऐकून पाण्याबाहेर यावे लागते. आजीच्या नवसाचे पाणी याच्या कितीतरी आधीचे होते.

दक्षिणतीराच्या घाटावर एक परिक्रमावासी बसला होता. हातात दंड, कमंडलू, पायांना भेगा. बोलण्यावरून वऱ्हाडातला. नर्मदेची परिक्रमा करणाऱ्याने तिचा प्रवाह कोठेही ओलांडायचा नसतो. त्यामुळे समोर, हाकेच्या अंतरावर दिसणाऱ्या ओंकारेश्वराला त्याला अजून जाता येत नव्हते.

“महाराज, आम्ही तर पुलावरून आलो,” मुलगा घाबरून म्हणाला. “माई रागावेल का?”

“तू काही बोलला आहेस का तिला, ओलांडणार नाही म्हणून?”

“नाही.”

“मग नाही रागावत. बोलतो तोच बांधला जातो, बाळ.”

हे शेवटचे वाक्य आजीने ऐकले. ती काही बोलली नाही. फक्त नातवाचा हात जरा घट्ट धरला.

होडीने तिघे पलीकडे गेले. केवटाने आजीला उचलून पायरीवर ठेवले आणि वल्ह्याने पाण्यात चुरमुरे ढकलले, तसे मोठमोठाले मासे वर आले. आजीने नातवासह तीन बुड्या मारल्या. मग ओल्या लुगड्यानिशीच खण, नारळ, तांदूळ आणि हळकुंड चाचपीत चाचपीत पाण्यात सोडले. देवळात गर्दी होती. पिंडीला हात लागला, न लागला, तोच बाहेर यावे लागले. हे सारे तासाभरात आटोपले. पण त्यानंतर आजी पुन्हा घाटावर आली, खालच्या पायरीवर पाणी पायांवरून जाईल अशी बसली, आणि उठेना.

दशम्या खाऊन झाल्या. मुलगा पाण्यात गोटे शोधू लागला. नर्मदेतला प्रत्येक खडा शंकर, असे म्हणतात. तो चांगले गुळगुळीत तेवढे शंकर निवडीत होता. बापाने घड्याळ पाहिले. होडी भरायला वेळ लागणार होता. परतीची मोटार एकच. गाडी चुकली तर रात्र फलाटावर, आणि सोमवारी गिरणीत बिनपगारी. त्याने एकदा हाक मारली, दोनदा मारली. तिसऱ्यांदा मात्र तो म्हणाला, “आई, आटप आता. डोळ्यांना तर काही दिसत नाही. बसून पाहणार तरी काय?”

शब्द तोंडून गेला. जवळ लुगडे पिळीत असलेल्या दोन बायकांनी वळून पाहिले.

आजीने तोंड वळविले नाही. “पाहायला नाही रे आले,” ती म्हणाली. “सांगायला आले. सात वर्षांचं आहे, होऊ दे सांगून.”

तो बाजूला जाऊन उभा राहिला. आणखी बराच वेळ गेला. मग तिने स्वतःच हात पुढे केला.

मोटार अर्थातच गेली होती. टांगेवाल्याने अडलेला गिऱ्हाईक ओळखून मागायचे तेवढे मागितले, आणि कलाकंदासाठी बाजूला ठेवलेले पैसेही त्यात गेले. घोडा म्हातारा होता. बारा किलोमीटर धूळ आणि झळा. वाटेत कोणी कोणाशी बोलले नाही. मोरटक्क्याला पोहोचले तेव्हा गाडीची वेळ टळून वीस मिनिटे झाली होती आणि फलाटावर माणसे अंगोछे अंथरून निवांत पडली होती. खांडव्याकडून येणारी गाडी दीड तास उशिरा होती. त्या मार्गावर गाड्यांच्या उशिराला लोक शिव्या देत. त्या दिवशी एका कारकुनाने तरी दिली नाही.

गाडी आली तेव्हा सूर्य टेकला होता. मुलगा गोट्यांची पुरचुंडी मुठीत धरून आजीच्या मांडीवर झोपी गेला. गाडी हलली, थोडी धावली, आणि तिचा आवाज फिरला.

“काय दिसतं रे?” आजीने सवयीने विचारले. मांडीवरचे पोर हलले नाही.

समोरच्या बाकावरून कारकून उठला. त्याने खिडकीच्या गजांना कपाळ टेकले. “पाणी आहे,” तो म्हणाला. मग थोडे थांबून, “मध्ये अजून उजेड आहे. कडेला काळोख झाला. टरबुजांच्या वाडीत कोणीतरी चूल पेटवली आहे. दोन... नाही, तीन चुली आहेत.”

“होड्या?”

“बांधल्यात. एक येते आहे अजून. एक माणूस बैल धूत उभा आहे, कमरेपर्यंत पाण्यात.”

“बैल पांढरा का?”

“पांढराच दिसतो.”

पूल संपला, चाके पुन्हा जमिनीवर खडखडू लागली, तरी तो गजांपासून हलला नाही. बडवाहचे दिवे आले ते त्याने सांगितले. पुढे काळोखात सांगण्यासारखे काही नव्हते. कोठे डोंगराला लागलेल्या वणव्याची लाल रेघ, कोठे सिग्नलचा दिवा, तेही त्याने सांगितले. कालाकुंडला मागून धक्का बसला तेव्हा आजी दचकली.

“दुसरं इंजिन लावलं, आई. आता घाट चढायचा.”

फलाटावर कंदील घेऊन कलाकंदवाला फिरत होता. कारकुनाने खिसे चाचपले. तेवढ्यात आजीने पदराची गाठ सोडली. तिच्यात आणखी एक नाणे होते. “सुनेसाठी घे,” ती म्हणाली. पळसाच्या पानाची पुडी आत आली, शिट्टी झाली, आणि पुढून ओढणारे व मागून रेटणारे अशी दोन्ही इंजिने जोर करून चढू लागली. पहिल्या बोगद्याशी त्याने आईला सांगितले, “एक.”